चन्नम्माचा हात

खडी फोडून फोडून चन्नम्माच्या हाताला असं वजन आलं होतं, की तिनं थोपटलेलं लेकरू निजायच्या ऐवजी रडायला लागे. कर्नाटकाच्या शिवेपलीकडून ती जळकोटला आली, ती नवऱ्याचं मनगट मोडून. बरीच वर्षं त्यानं तिला पट्ट्यानं, चपलेनं, हाताला येईल त्यानं झोडपलं होतं. एके दिवशी तिनं मुसळ उचललं, आणि माहेरी न जाता ती मिळेल त्या ट्रकात चढली.

हायवेच्या कडेला एका खडीच्या क्रशरवर तिला काम मिळालं. तिथंच तापानं फणफणून पडली असताना गावातल्या ख्रिस्ती मिशनचे पास्टर प्रेम तिच्या पालात पेज घेऊन आले. बरी झाल्यावर तिनंच विचारलं, "तुमच्याकडं सैपाकाला कोण हाय?" तेव्हापासून मजुरांच्या लेकरांसाठी मिशन जी खिचडी करी, ती चन्नम्माच्या हातची. रविवारी आत प्रार्थना चाले, ही बाहेर चुलीपाशी. चंपाषष्ठीला अणदूरच्या खंडोबाला जाई आणि कपाळभर भंडारा लावून परते. त्यावरून पास्टर तिला कधी बोलले नाहीत. बोलत ते तिच्या रागावरून.

"मारणाऱ्यापुढं दुसरा गाल करावा, चन्नम्माबाई."

"गाल करून करून म्या अर्धी मेले, पास्टर."

त्या थंडीत मिशननं ब्लँकेटं, लेकरांचे स्वेटर आणि पिठाची पोती टेम्पोत भरून पालांकडं नेली. वाटेत क्रशरचा मुकादम शंभुलिंग चार माणसं आणि काठ्या घेऊन आडवा उभा राहिला. सगळा माल आपल्या दारात उतरवा, वाटप मी करतो, असं त्याचं म्हणणं. म्हणजे मजूर कायमचे त्याच्या मुठीत. पास्टर खाली उतरले. "ज्याचं त्याच्या हातात देऊ," म्हणाले.

"धर्म बाटवायला येता, आन् वर मलाच शिकवता?" शंभुलिंगनं काठी घातली ती थेट डोक्यात. पास्टर गुडघ्यावर आले. दुसरी पाठीत बसली. ताडपत्री टरकावली गेली, स्वेटर धुळीत तुडवले गेले. एकानं विळ्यानं पोतं फाडलं आणि सांडलेल्या पिठावर पास्टरांच्या कपाळाचं रक्त ठिबकायला लागलं.

मागं खिचडीच्या भांड्यांपाशी बसलेली चन्नम्मा टेम्पोतून उतरली ती लोखंडी झारा घेऊनच. पहिला घाव एकाच्या गुडघ्यावर, दुसरा शंभुलिंगच्या तोंडावर. तो डोळा धरून गुरासारखा हंबरत लोळायला लागला. बाकीच्यांनी तिला आडवी पाडून लाथांनी तुडवलं. आपली बरगडी मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला, तरी एकाच्या पोटरीत रुतवलेले दात सैल केले नाहीत.

शंभुलिंगचा डोळा गेला. दोन्हीकडून गुन्हे दाखल झाले. "झटापटीत लागलं, एवढंच सांगा," वकिलानं पास्टरांना सुचवलं. ते पोलिसांना म्हणाले, "तिनं मारलं. का मारलं, तेही लिहा."

ते जेलमध्ये भेटायला आले, तेव्हा चन्नम्मा त्यांच्या पायांपुढं थुंकली. "तुमच्यासाठी म्या डोळा फोडला, आन् तुमी माझ्यावरच साक्ष देता?"

"जामीन मीच राहणार आहे. पण खोटं माझ्यानं बोलवणार नाही."

तिनं भिंतीकडं तोंड केलं.

जामिनावर सुटून आली, तर खिचडीच्या पंगतीत शंभुलिंगची बायको मल्लम्मा, पोरं घेऊन बसलेली. त्याच्या जागी दुसरा मुकादम आला होता. चन्नम्माला बघताच मल्लम्मा ताट घेऊन उठायला लागली.

"बस खाली," चन्नम्मा खेकसली आणि तिनं वाढलं.

शंभुलिंग मात्र पालाबाहेर पडत नव्हता. पास्टर त्याच्यासाठी डबा घेऊन गेले आणि फुटका ओठ घेऊन आले. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता चन्नम्मा डबा घेऊन गेली.

"मुडदा पाडीन तुझा!" आतून दगड आला आणि तिच्या खांद्यावर बसला. तिनं तोच उचलला. हात मागं गेला. त्याबरोबर शंभुलिंगनं दोन्ही पंजांनी उरलेला डोळा झाकला आणि कोपऱ्यात अंग चोरलं. नवऱ्यापुढं ती अगदी अशीच बसायची. दगड खाली पडला.

"खा. निवायलंय," एवढंच बोलून तिनं डबा आत सरकवला. त्यानं तो लाथाडला. खिचडी पालाच्या कापडावर उडाली.

ती दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशीही डबा उपडा झाला. मग कधीतरी मल्लम्मा तो घासून परत घेऊन आली.

शंभुलिंगनं चन्नम्माचे उपकार मानले नाहीत, तिनंही माफी मागितली नाही. खटला चालूच आहे. तारखेला दोघं धाराशिवला एकाच एसटीनं जातात, लांब लांबच्या सीटवर बसून.