मुळांचा उपास

"वहिनी, हे बघा की! पिकून गळाय लागलंय सगळं."

तोमिएनं मूठ उघडली. आत चहाची जून पानं, हळदीसारखी पिवळी.

"टाक खाली. मला काय डोळं न्हाईत?"

"हाईत तर गप का? रोग पडलाय, औषध मारा."

"रोग न्हाई गं बाय. उपास हाय."

शिगेनो लग्न होऊन उजी गावच्या या टेकडीवर आली ती थेट चहाच्या मांडवाखालीच. तोमिए तिची नणंद, शेजारच्याच आळीत दिलेली. इथला चहा सावलीतला. कोंब फुटले की मांडवावर बोरूच्या चटया घालायच्या, वर भाताचा पेंढा पसरायचा. ऊन लागलं की पानातली गोडी मरते आणि तुरटपणा येतो. पण ती गोडी पानात होत नाही. शरदात मोहरीची पेंड घालायची, मुळांनी ती खाऊन गोडी करायची, हिवाळाभर धरून ठेवायची आणि वसंतात खोडातून वर कोंबांकडं धाडायची.

गेल्या शरदात शिगेनोचा नवरा हेइसुके लकव्यानं आडवा झाला. त्याला कुशीवर वळवण्यात, भरवण्यात हिचे दिवस गेले आणि पेंडीची पोती कोठारात बुरसली. थंडी सरता सरता तिनं घाईनं पेंड टाकली. माती गार, मुळं निजलेली. कोंब निघाले ते फिके.

"पेंढा वाढव," हेइसुके अंथरुणातून म्हणाला. पान फिकं दिसलं की इथं सगळे हेच करतात. अंधार दाटला की पान हिरवं होतं. हिनंही पेंढा दुप्पट केला. अंधारात झुडपाला अन्न करता येईना आणि खालूनही काही येईना. मग ते आपलीच जुनी पानं पिळून कोंबांना पाजायला लागलं.

"मांडव उघडला तर औंदाचा चहा गेला," तोमिए म्हणाली.

"न्हाई उघडला तर झुडपं जातील."

"दादाला इचारा तरी."

शिगेनो घरात गेली. हेइसुकेनं ऐकून घेतलं.

"माझ्या बापानं मांडव कधी मधीच उघडला न्हाई."

"तुमच्या बापाची झुडपं भरल्या पोटाची हुती. ही मराय लागलीत."

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. तेवढंच त्याला फिरवता येत होतं. शिगेनो उंबऱ्यात थांबली. त्यानं हो म्हणावं, नाहीतर शिवी तरी द्यावी. शेवटी ती वळून मांडवाकडं गेली.

ती शिडी चढली. पेंढा ओढून खाली लोटला, चटया गुंडाळल्या. कोंबांवर ऊन पडलं तसे ते आणखीच पांढुरके दिसले. एक तोडून तिनं चावला. ना गोड ना तुरट, नुसतं पाणी.

"जगतील व्हय वो?" खालून तोमिएनं विचारलं.

"मला काय ठावं? झुडपांच्या बुडात पेंढा पसर. आन् घमेलं आण, आता माती तापलीय, राहिलेली पेंड घालू."

तोमिए डोळे पुसत उभी राहिली. शिगेनोनं शिडी उचलली आणि पुढच्या सरीला लावली.