येणाऱ्या कॉम्प्युटरचे भाव

माझ्या दुकानाच्या दाराशी एक काळा फळा आहे. आमच्या ढाणकीत अडत्याच्या दाराशी कापसाच्या भावाचा फळा असतो तसाच, आकारानेही तेवढाच. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या ऑइल पेंटने, लाल शेड देऊन लिहिलंय: ‘येणाऱ्या कॉम्प्युटरचे भाव’. खाली मी खडूने लिहायचो. कोणतं मॉडेल येणार, कधी येणार, त्यात नवीन काय असणार आणि ते कितीला मिळणार. हा सगळा माझा अंदाज आहे, असं मात्र फळ्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दुकान म्हणजे काय, तर झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, आणि कोणी मागितलाच तर सुटे भाग मागवून डेस्कटॉप जोडून देणं. महिन्यात एक जोडला तरी डोक्यावरून पाणी. पण माझं डोकं सदा न आलेल्या मशीनमध्ये. सकाळी शटर वर केलं की आधी मोबाइलवर कुठून कुठून बातम्या वाचायच्या, परदेशातल्या कोणीतरी उडवलेल्या वावड्या ऐकायच्या आणि मग ऐटीत खडू उचलायचा. पुढच्या पिढीचा प्रोसेसर, इतकी मेमरी, वीज कमी खाणार, दिवाळीनंतर इतका स्वस्त. बाजाराच्या दिवशी माणसं थांबून वाचायची. ‘लेकाले समजते बरं का’, असं कोणी म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आमच्याकडे कापूस घरी आला की तो पहिल्याच दिवशी कोणी विकत नाही. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवतात. आमच्याही घरी तसंच होतं. महिनोन् महिने आम्ही त्या खोलीत पाय ठेवत नसू, अंगाला खाज सुटायची, आणि बाबा रोज अडत्याचा फळा वाचून येऊन एकच वाक्य बोलायचे, ‘भाव येऊ दे.’ थांबणारा शहाणा आणि घाई करणारा येडा, हे आम्ही दुधाबरोबर प्यायलो. माझा फळाही लोक त्याच डोळ्यांनी वाचायचे. वाचायचे आणि थांबायचे. कापूस थांबला तरी घरातच असतो, न घेतलेला कॉम्प्युटर मात्र कुठेच नसतो, ही साधी गोष्ट ना त्यांच्या डोक्यात आली, ना माझ्या.

फळ्याच्या डोक्यावरची ती ओळ रंगवली पेंटर चाचांनी. बाजारगल्लीच्या मागे राहायचे. अजून राहतात. फ्लेक्स यायच्या आधी गावातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. किराणा, कृषी केंद्र, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं, मशिदीचा फलक आणि मारुतीच्या देवळातली देणगीदारांची यादीसुद्धा. खारीच्या केसांचा ब्रश, हात टेकायला एक काठी, रॉकेलची बाटली, एवढाच संसार घेऊन शिडीवर चढायचे. माझा फळा रंगवायला त्यांनी अख्खी दुपार घेतली. मी घाई केली तर म्हणाले, ‘बेटा, अक्षराले पोट असते. ते भरू दे.’ पैसे घेतले नाहीत, दोन कप चहावर काम केलं.

फ्लेक्स आलं आणि त्यांचं काम गेलं, हे वेगळं सांगायला नको. पण चाचा रडत बसले नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ते दुकानात आले. हातात कापड दुकानाची पिशवी, पिशवीत नोटा. म्हणाले, ‘मले एक कॉम्प्युटर दे. मोठ्या पडद्याचा.’

‘काहून, चाचा?’

‘त्या फ्लेक्सवाल्याच्या मशीनमंदी सगळी अक्षरं एकाच साच्यातली हायत. मी पाह्यलं. माह्या हातची अक्षरं त्याच्यात टाकता येतात म्हणे. मंग कोणाचीबी पाटी असो, छापल तो, पण अक्षर माह्यं राहीन.’ आणि पिशवी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, ‘हात हाय तवर करून टाकतो.’

मला कल्पना फार आवडली. अक्षरांचा फॉन्ट बनवून देणारा एक ओळखीचा माणूस यवतमाळला होता. मी चाचांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग माझं नेहमीचं सुरू केलं. ‘चाचा, आता घेऊ नका. तीन महिने थांबा. नवीन येऊन राह्यलं. ह्याच पैशात दुप्पट ताकदीचं भेटते.’ बाहेर जाऊन मी त्यांना फळा वाचून दाखवला. चाचांनी खडूचे आकडे पाहिले, वर स्वतःची अक्षरं पाहिली आणि मान डोलावली. माझ्यावर विश्वास होताच, पण मला वाटतं, त्या आकड्यांच्या डोक्यावर त्यांच्या हातचं लिहिलेलं होतं म्हणून तो पक्का झाला. पिशवी काखेत मारून ते परत गेले.

तीन महिन्यांनी नवीन मॉडेल आलं. भाव मी लिहिला होता त्यापेक्षा जास्त होता. मी म्हटलं, सुरुवातीला असतोच, दिवाळीत पडतो. दिवाळीत थोडा पडला, तेव्हा बातमी आली की पुढच्या मॉडेलमध्ये चित्रं स्वतःच काढणारी, अक्षरं ओळखणारी वेगळी चिप असणार. मी फळा पुसून नवीन लिहिला. ‘चाचा, हे तर तुमच्यासाठीच बनवून राह्यले. आता घेतलं तं पस्तावसान.’ चाचा हसले. म्हणाले, ‘तू म्हणतं तं थांबतो. तुले जास्त समजते.’

मला काय समजत होतं? मशीनमधलं सगळं समजत होतं. समोर बसलेल्या माणसाच्या हातात बशी वाजते आहे, हे कानावर पडत होतं, पण समजत नव्हतं. चाचा चहा बशीत ओतून प्यायचे. त्या हिवाळ्यात कप आणि बशी एकमेकांवर किटकिट वाजायला लागली. मी म्हटलं, थंडी आहे. उन्हाळ्यातही वाजली. मग चाचांनी बशी सोडली आणि कप दोन्ही हातांनी धरू लागले. हे मी रोज पाहिलं. रोज. आणि त्यांच्याशी मी स्क्रीनच्या रंगांबद्दल बोलत राहिलो.

मग भावाने जी उलटी मारली ती कोणाच्या स्वप्नातही नव्हती. मेमरीचे भाव चढायला लागले. मोठमोठ्या कंपन्या सगळा माल उचलत आहेत, असं ऐकू येत होतं. मी मागवायचो ती साधी मेमरीची पट्टी आठवड्याआठवड्याला महाग व्हायला लागली. नागपूरचा व्यापारी फोनवर म्हणायचा, आज घे, उद्याचं सांगता येत नाही. मी फळ्यावर लिहिलं, दोन महिन्यांत उतरणार. उतरलं नाही. लोक फळा वाचून आता हसायचे. बाबाही एक दिवस हसले. अडत्याच्या फळ्यावर भाव चढला असता तर बरं झालं असतं, म्हणाले.

चाचा पुन्हा तीच पिशवी घेऊन आले. मी बेरीज केली, पडदा लहान धरला, प्रोसेसर जुना धरला, तरी पिशवीतल्या पैशात बसेना. कमी पडतात ते मी घालतो म्हणालो तर त्यांनी हात वर केला. तो हात हवेत थरथरत होता आणि आता थंडीचं नाव घ्यायलाही जागा नव्हती. ‘राहू दे. उतरते म्हणतं न तू? मंग थांबू.’ आणि इतकं दिसत असूनही मी म्हणालो, ‘हो चाचा, उतरते.’

त्यानंतर ते यायचे बंद झाले. यवतमाळला दाखवून आणलं, असं कळलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता. त्याच दिवशी मी दुकानातला, मी स्वतः वापरायचो तो डेस्कटॉप काढला, मोठा पडदा लावला आणि ऑटोत घालून त्यांच्या घरी नेला. जुनं मशीन, सहा-सात वर्षांचं. ते चालू करून मी अक्षरं काढायचा प्रोग्राम उघडला. अगदी व्यवस्थित चालला. या कामाला ह्याच्याहून जास्त काही लागतच नव्हतं. दोन वर्षं हे माझ्या टेबलावर होतं.

चाचांनी माउस धरला. ‘अ’ काढायला घेतला. पडद्यावर रेघ इकडून तिकडे पळत सुटली. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं, तरी पळाली. चार वेळा केलं. मग माउस हलकेच बाजूला ठेवला, झोपलेल्या मांजराला उचलून ठेवावं तसा, आणि म्हणाले, ‘मशीन चांगली हाय.’

चाची दारात उभ्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, ‘बेटा, यायच्याकडून कागदावर लिहून घेऊन ठेवता आलं नसतं का? तुह्या दुकानात तं कागदाचा फोटो काढाची मशीन हाय न.’

होती. स्कॅनर होता. रोज त्यावर मी आधार कार्डं आणि सातबारे स्कॅन करत होतो. ड्रॉइंगचे दहा कागद आणि त्यांचा ब्रश, एवढ्यावर आठ दिवसांत सगळी बाराखडी उतरली असती. कॉम्प्युटर नंतर घेतला असता, नसता घेतला तरी चाललं असतं. हे मला एकदाही सुचलं नाही, कारण माझं सगळं लक्ष येणाऱ्या मशीनकडे होतं. जोडे घातले आणि निघून आलो.

मग मी मोबाइल घेऊन गावभर हिंडलो. भिंतींवरून अक्षरं गोळा करू म्हटलं. किराण्यावर फ्लेक्स. कृषी केंद्रावर कंपनीचा बोर्ड. शाळेच्या भिंतींना नवा रंग. देवळातली यादी काढून तिथे संगमरवरी फरशी बसवलेली. मशिदीचा फलकही नवा, दिवे लागणारा. उमरखेडच्या रस्त्यावर एका गॅरेजच्या पत्र्यावर एक ‘स’ सापडला, अर्धा गंजलेला. ट्रॉल्या विकल्या गेल्या होत्या. तीन दिवस फिरून दुकानासमोर येऊन उभा राहिलो आणि तेव्हा मला माझा फळा दिसला. चाचांचं अख्खं, धड उरलेलं काम गावात तेवढंच होतं.

मी मोजलं. काने-मात्रा सोडून दहा अक्षरं. ‘अ’ नाही. ‘ह’ नाही, ‘न’ नाही, ‘ल’ नाही. यवतमाळच्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, दहावर बाकीची बेतता येतील, पण ती त्यांची नसतील. मी नको म्हणालो.

तरी त्या दहा अक्षरांचे फोटो काढून मी चाचांना दाखवायला नेले. ते खाटेवर बसून होते, हात मांडीखाली दाबून ठेवलेले. पडद्यावर मी एकेक अक्षर मोठं केलं. चाचा बराच वेळ ‘भ’कडे पाहत होते. ‘पोट बरोबर भरलं होतं याचं’, म्हणाले. मग मी मोबाइल खिशात ठेवल्यावर त्यांनी विचारलं, ‘आता पुढचं कवा येऊन राह्यलं? भाव काय राहीन?’

त्यांनी माझी समजूत घालायला विचारलं, की त्यांना खरंच वाट पाहायची होती, मला अजून कळलेलं नाही. मी फळ्यावरचे खडूचे आकडे कधीच पुसून टाकले होते, नवीन काही वाचलंही नव्हतं. तरी तोंडाला जुनं वळण होतं. मी महिना सांगितला आणि भावही सांगितला.