गोळी आधी, थर्मामीटर नंतर

आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात नमुने तपासणं हे माझं काम. रक्तातला पीएसए वाढला आणि प्रोस्टेटची बायॉप्सी ठरली, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना पहिला प्रश्न कामावरचाच विचारला, "दोष एकीकडे आणि सुई दुसरीकडे गेली तर?"

"स्कॅनमध्ये डाग दिसतोय तिथे नेम धरू, बाकीच्या ग्रंथीतूनही तुकडे घेऊ," त्या म्हणाल्या. "तरी एखादी लहान गाठ निसटू शकते. म्हणून रक्त पुढेही तपासत राहायचं."

उत्तर गोलमोल नव्हतं. मला बरं वाटलं.

अल्ट्रासाउंडचा प्रोब गुदद्वारातून घालतात आणि पडद्यावर बघत सुया मारतात. दर सुईला स्टेपलरसारखा खटका. दुखलं थोडं, दचकलो जास्त. निघताना नर्सने बजावलं, लघवीत रक्त दिसलं तर घाबरू नका. पण ताप अडतीस सेल्सिअसच्या वर गेला किंवा हुडहुडी भरली, तर ताबडतोब या.

रविवारी सकाळी अंगात कणकण आली. बायकोने घरच्या रिवाजाप्रमाणे आल्याचा चहा आणि पुण्याहून आणलेली तापाची गोळी दिली. तासाभराने थर्मामीटर लावला. सदतीस पॉइंट सहा.

"मर्यादेच्या आत आहे," मी म्हणालो.

तिला पटलं नाही. आमचा एक नागपूरकर मित्र किलकेनीला डॉक्टर आहे. तिने त्याला फोन लावून माझ्या हातात दिला.

"थंडी वाजली का?"

"वाजली थोडी. पण आकडा आत आहे."

"गोळी कधी घेतली?"

"मोजायच्या आधी."

"अबे, कारखान्यात असंच करतो का तू? आधी आकडा खाली आणायचा, मग बॅच पास? ऊठ, निघ!"

गाडी मुलीने चालवली. "यू विल बी ग्रँड, बाबा," म्हणजे काही होणार नाही, असं म्हणत होती, पण वेग नेहमीपेक्षा जास्त होता. इस्पितळात पोचेपर्यंत गोळीचा अंमल उतरला आणि ताप चढला. जंतुसंसर्ग रक्तात पोचला होता. शिरेतून अँटिबायॉटिक सुरू झालं. दोन-तीन दिवसांत ताप गेला आणि भूक परत आली. खिडकीजवळचा पलंग, लोणी लावलेला टोस्ट आणि खरोखर कडक चहा. तक्रारीला जागा नव्हती.

पण बायॉप्सीचा निकाल अजून यायचा होता. तो कळेपर्यंत घरात कोणी त्याचं नाव काढत नव्हतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, घेतलेल्या नमुन्यांत कॅन्सर नाही.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "म्हणजे नाहीच ना?"

"घेतलेल्या नमुन्यांत नाही."

"अरे, एकदा तरी नुसतं नाही म्हण की!"

पुढची रक्ततपासणी ठरलेली होतीच. तेव्हा एवढं म्हणायला हरकत नव्हती.

"नाही," मी म्हणालो.

घरी पोचल्यावर तिने कोट न काढताच शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.