बळवंतची मूठ

घाटकोपरच्या बाजारात मासळी विकताना कमळ पापलेट शेपटीकडून आडवं धरून दाखवायची. ताठ राहिलं तर ताजं, मान टाकली तर शिळं. गिऱ्हाइकाला एवढं पुरे. खरं तर पाण्यातून काढलेली मासळी आधी लुळीच पडते, ताठ होते ती नंतर, आणि शेवटी पुन्हा सैलावते. पण लुळी मासळी पाहायला होडीवर असावं लागतं. माहुलच्या खाडीत मासळी होती तोवर कमळ नवऱ्याबरोबर होडीवर असायची.

तो नवरा, बळवंत, गेल्या वर्षीपासून खाटेला खिळला होता. मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि उजवा हात गेला. लुळा पडला असता तर एक वेळ परवडलं असतं, पण या हाताची मूठच वळली. नखं तळव्यात रुतायची. रोज सकाळी कमळ ती मूठ कोमट पाण्यात धरायची, खोबरेल लावून एकेक बोट उघडायची. बळवंत कळवळायचा, शिव्या घालायचा. सोडलं की बोटं पुन्हा मिटायची. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली होती, "स्नायू अजून कायमचे आखडलेले नाहीत, सोडू नका." त्या एका वाक्यावर कमळ जगत होती. मूठ सुटली की तो पुन्हा जाळं विणणार, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

लेक समीक्षा बारावी सायन्सला. आईचा हट्ट पाहून एकदा तिनं पुस्तक उघडलं.

"आई, स्नायूत दोन प्रकारचे धागे असतात. एकाला दुसरा धरायचा असतो, पण मध्ये एक दोरी आडवी पडलेली असते, ट्रोपोमायोसिन. मज्जातंतूचा हुकूम आला की पेशीतल्या पिशवीतून कॅल्शियम बाहेर येतं, ट्रोपोनिनवर बसतं, दोरी सरकते, आणि धागे पकड घेतात."

"मंग सोडतात कवा?"

"कॅल्शियम परत पिशवीत भरलं की. त्यालाही ताकद लागते, आई. धरायला लागते तशी सोडायलाही. पप्पांच्या मेंदूला हुकूम आवरता येत नाही, म्हणून कॅल्शियम येतच राहतं."

कमळनं बळवंतकडे पाहिलं. जन्मभर कुणाचं ऐकलं नाही, आता स्वतःचा हातही त्याचं ऐकेना. तिला त्याची भयंकर कीव आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

परवा सकाळी ती पाणी घेऊन बसली. बळवंत भिंतीकडे तोंड करून झोपलेला. तिनं गोधडीखालून हात ओढला आणि तिचाच हात थबकला. मूठ सैल होती. बोटं उघडली, आणि उघडीच राहिली. तो कळवळला नाही की शिवी दिली नाही. हात उबदार होता.

"बाय, ये लवकर," ती म्हणाली. "पप्पाची मूठ सुटली बग." इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा हसली. उठून तिनं फळीवरची जाळं विणायची लाकडी सुई आणली आणि त्याच्या तळव्यात ठेवली. सुई घरंगळून खाली पडली. तिनं पुन्हा ठेवली.

समीक्षा आली. तिनं हाताकडे पाहिलंच नाही, वाकून बापाचं तोंड पाहिलं. मग आईच्या खांद्यावर हात ठेवला.

तेव्हा कमळला होडीतली मासळी आठवली. नुकती काढलेली, लुळी. आयुष्यभर जे बोटांना ठाऊक होतं, ते आजच बोटं विसरली होती. हुकूमच थांबला होता, म्हणून हात सुटला होता.

कोळीवाड्यातल्या बायका जमल्या. एक जाणती म्हणाली, "कमळ, हात सरल करून घे. मंग नाय ऐकायचा."

ते कमळला कुणी सांगायला नको होतं. तिनं पाचही बोटं पसरली आणि तळव्यावर तळवा दाबून बसून राहिली. समीक्षा भिंतीला टेकून रडत होती. पुस्तकात पुढे काय लिहिलंय ते तिला माहीत होतं. कॅल्शियम आता आपोआप झिरपणार, धागे पकड घेणार, आणि सोडायला लागणारी ताकद अंगात उरलेली नसणार.

दुपारी तिरडी उचलायच्या वेळी कमळनं आपला हात काढून घेतला. बळवंतचा पंजा ताठ, सपाट, उघडा राहिला. वर्षभर तिनं देवाकडे मागितला होता, अगदी तसा.