काकांची सुकेळी आणि तक्त्यावरची फुली

आता हसायचं तर खुशाल हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. आयुष्यातली सगळ्यांत मोठी फजिती मी आफ्रिकेत जाऊन करून घेतली, आणि तीही संपूर्ण स्वतःच्या अकलेने. कोणाची मदत म्हणून घेतली नाही!

बी.एस्सी. होऊन वर्ष झालं होतं. एका संस्थेतर्फे टांझानियातल्या एका खेड्यात, मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेत, आरोग्य शिकवायला जायचं ठरलं. दोन वर्षं, बिनपगारी. निर्मळ गावातल्या आमच्या घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरली. बोलले फक्त मोठे काका.

"काय गो, इथल्या पोरांना खरूज होत नाही? अर्नाळ्याला जा की सायकलवरून!"

"काका, वाडीच्या कुंपणापलीकडचं काही दिसतं का तुम्हाला?"

"दिसतं ना. तू दिसतेस. चाललीस."

मी दार आपटलं. तेव्हा माझं उत्तर बहुतेक तेच असायचं.

निघायच्या आदल्या दिवशी काकांनी माझ्या ट्रंकेत सुकेळीचं पुडकं कोंबलं. राजेळी केळी सोलून मांडवावर आठ-आठ दिवस उन्हात वाळवायची, काळपट, चिकट झाली की केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधायची. काका ती स्वतःच्या हाताने करायचे.

"माश्या बसतात त्यांच्यावर!" मी ओरडले.

"बसू दे. गोड काय ते माशीलाही कळतं."

टांझानियात पोहोचल्यावर पुडकं मी उघडलंच नाही. खाटेखाली ट्रंकेत तसंच पडून राहिलं. बाबांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी काकांची एक वाकडीतिकडी ओळ असायची: 'सुकेळी खाल्लीस का?' मी उत्तरात चार पानं संडासाच्या खड्ड्यांबद्दल लिहायचे. सुकेळीबद्दल अवाक्षर नाही. किती शहाणी होते, बघा!

शाळेत मात्र माझा दरारा. पहिल्याच महिन्यात नियम ठोकले. उघड्यावर वाळवलेलं, माश्या बसलेलं, काळं पडलेलं, हाताला चिकटणारं अन्न दिसलं की कचऱ्याच्या खड्ड्यात! खाण्याआधी हात साबणाने धुवायचे. भिंतीवर तक्ता लावला. पाळला नियम तर बरोबरची खूण, मोडला तर फुली. आणि हौस बघा, तक्त्यात सगळ्यांत वर मी माझंच नाव घातलं. नियम सगळ्यांना सारखा! दर शनिवारी मुलींनी सगळ्या खोल्या तपासायच्या, माझीसुद्धा.

नीमा नावाची मुलगी तपासणीची प्रमुख होती. पंधरा वर्षांची, काटेकोर. थोडक्यात, मीच.

अशाच एका शनिवारी मी गावातल्या टपाल कचेरीत गेले. बाबांचं पत्र आलं होतं. दोनच ओळी वाचल्या आणि बाहेरच्या पायरीवर बसले. काका गेले होते. पत्र पोहोचेपर्यंत दिवसकार्यही उरकलं होतं. बाबांनी शेवटी लिहिलं होतं, 'जायच्या आदल्या दिवशीही विचारत होते, पोरीने खाल्ली की टाकली?'

मी धावतच खोलीवर आले. निदान आता तरी एक खायचं, एवढंच डोक्यात होतं. ट्रंक ओढली. झाकण उघडं! पुडकं नाही!

नीमा दारात उभी होती, वही घेऊन.

"मॅडम, आज पहिल्यांदाच ट्रंकाही उघडून पाहिल्या. तुमच्या ट्रंकेत काळं, चिकट सापडलं. टाकलं."

"टाकलं? अगं, ती केळी होती!"

"माहीत आहे. माझी आजीपण करते, उन्हात वाळवून. तुम्ही शिकवल्यावर मी तिचीपण फेकली. ती रडली. पण नियम म्हणजे नियम ना, मॅडम?"

दार आपटायचीही सोय नव्हती, दारात ती उभी होती.

मी तशीच खड्ड्याकडे गेले आणि आत उतरले. खड्डा माझ्याच मापाने खणलेला, छातीइतका खोल. रोज वर राख टाकायची, हाही माझाच नियम. तोही पोरींनी मन लावून पाळला होता. कोपरापर्यंत हात घालून राख, साली, चिंध्या उपसत राहिले. शेवटी पुडकं हाताला लागलं. फाटलेलं, पण आत एक सुकेळं पानात गुंडाळलेलं शाबूत होतं. काकांनी मारलेली गाठसुद्धा तशीच.

मी खड्ड्यातच बसले. दातांनी गाठ सोडली आणि सुकेळं तोंडात घातलं.

गोड होतं हो. फार गोड. मला हुंदका आवरेना.

जरा वेळाने वर पाहिलं. खड्ड्याच्या कडेने अख्खा वर्ग उभा होता. नीमाने माझ्या राखेने माखलेल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या भरलेल्या तोंडाकडे.

"मॅडम," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "हात?"

दुसऱ्या दिवशी मी नीमाच्या आजीकडे गेले, माफी मागायला. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि पानात बांधलेली दोन केळी आणून पुढ्यात ठेवली. नातीपासून लपवून ठेवलेली! मी हात पुढे केला, तर म्हातारीने तो बाजूला सारला आणि पाण्याचा तांब्या दाखवला. नातीने तिलाही शिकवलं होतं.

शाळेत परतले तेव्हा तक्त्यावर माझ्या नावापुढे फुली लागली होती. अख्ख्या सत्रातली एकुलती एक. खाली तपासणाऱ्याची सही नीमाची होती.

शेजारी मी माझी केली.