तीर्थ म्हणजे दूध न्हाई

आमच्या लातूरच्या गल्लीत मृण्मयीला सगळे ‘दूधवाली बाई’ म्हणतात. नाव मीच पाडलंय. बाई कॉलेजात अन्नशास्त्र शिकवते आणि दुधातल्या प्रथिनांवर संशोधन करते. चाकूर-जळकोटहून बाटल्या भरभरून दूध आणते, तापवते, मुद्दाम नासवते, आणि स्वतः चहा पिते कोरा! तिचा नवरा मुकुल मला म्हणतो, "उज्वलावहिनी, आमच्या घरात दुधावर पीएचडी आहे, पण साय नाही."

मूळची मुखेडची. तशी अबोल, पण दुधाचं नाव काढलं की सुटका नाही. फाटल्या दुधातलं एक प्रथिन गोळ्यात येतं, दुसरं पाण्यात राहतं, म्हणून ते पाणी मोरीत ओतू नका, हे आता आमच्या भाजीवाल्यालाही पाठ झालंय. लेकरांच्या पोषणाला दूध कसं लागतं, ते ती गावोगावच्या अंगणवाड्यांत सांगत फिरते.

अशा बाईनं उन्हाळ्यात समोरच्या केवळाबाईंना सांगितलं, "मावशी, शिवमला दुधाचा थेंबही देऊ नका."

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. हलवायानं पेढे खाऊ नका म्हणावं तसं झालं की हे!

शिवम म्हणजे केवळाबाईंचा दीड वर्षाचा नातू. अंगावर गांधी उठायच्या, उलट्या व्हायच्या. म्हातारी रोज दृष्ट काढायची. मृण्मयीनं त्याला आणि त्याच्या आईला, ऋतुजाला, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी.

"दूध कुणाला बाधतंय व्हय?" केवळाबाई कडाडल्या. "आमच्या दावणीला दोन म्हशी, अन् लेकरू वरणाच्या पाण्यावर?"

तरी ऋतुजानं ऐकलं. दूध, दही, तूप, बिस्किटं, सगळं बंद. वरण, नाचणी, सोयाबीन सुरू. पण गांधी काही जाईनात! मृण्मयी रोज येऊन खोदून खोदून विचारायची. केवळाबाई छातीवर हात ठेवून सांगायच्या, "देवाशपथ, दूध न्हाई दिलं." आणि म्हातारी खोटं बोलणारी नाही, हे मीही लिहून देते. मग गल्लीच कुजबुजू लागली, बाईचं पुस्तकी ज्ञान लेकराला वाळवतंय. सासऱ्यांनी, शेषेरावांनी, तर ऋतुजाला बजावलं, "सोमवारपासून वाटीभर दूध सुरू."

नेमकी सोमवारी सकाळीच ऋतुजाची किंकाळी ऐकली. धावले. शिवमचे ओठ वांग्यासारखे सुजलेले, श्वास शिट्टीसारखा वाजतोय. माझी थट्टा, माझी जीभ, सगळं कुठं गेलं कोण जाणे. मृण्मयी अनवाणी आली, लेकरू उचललं आणि समोर दिसला तो ऑटो थांबवला. आम्ही सगळ्या कोंबून बसलो.

"दूध दिलं का?"

"अजून न्हाई हो ताई, अजून कायच न्हाई!" ऋतुजा रडत होती.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं. हळूहळू शिट्टी थांबली, पोरानं डोळे उघडले. तेवढ्यात केवळाबाईंनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून झाकणाची डबी काढली आणि बोट बुडवून शिवमच्या ओठाकडे नेलं.

मृण्मयीनं त्यांचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी पिचली.

"काय आहे हे?"

"तीर्थ हाय बाई."

"कशाचं?"

"पंचामृताचं. ह्याला बरं वाटावं म्हणून रोज देवाला घालते. रोज पळीभर देते. आज सोमवार, म्हणून दोन."

"मावशी... पंचामृतात दूध असतं."

"काय तरीच! तीर्थ हाय ते. दूध न्हाई."

मी मृण्मयीकडे पाहिलं, तर तिचाच चेहरा पांढरा. "मी दही विचारलं, खवा विचारला, चॉकलेट विचारलं," ती पुटपुटली, "आणि आज सकाळी देवघरात मी स्वतः पळीभर तीर्थ प्यायले, तरी ते विचारायचं सुचलं नाही."

केवळाबाईंना समजायला जरा वेळ लागला. मग डबी हातातून पडली. "म्हंजी म्याच? जितकं लेकरू वाळलं, तितकं म्या जास्त..." मृण्मयीनं मनगट सोडलं नाही, फक्त पकड सैल केली. "तुळशीचं पाणी द्या मावशी. देवाला चालतं."

आता शिवमच्या अंगावर एक गांध नाही. परवा माझ्याकडे सत्यनारायण होता. गुरुजींनी शिवमपुढे तीर्थाची पळी धरली, तर केवळाबाईंनी मधे हात घातला.

"थांबा महाराज. आधी सांगा, ह्याच्यात दूध हाय का?"

"अहो आजी, तीर्थ आहे हे!"

"त्येच तर म्हनते," केवळाबाई म्हणाल्या, आणि नातवाला उचलून मृण्मयीच्या मांडीवर नेऊन ठेवलं.