गालातली तंबाखू

सोलापुरात ऑपरेशनच्या टेबलाशी उभी राहून भूल देणारी पहिली बाई मी. हे ऐकून लोक आता हात जोडतात, तेव्हा मला हसू आवरत नाही. अहो, मान कसला घेऊन बसलात! ते काम कुणा पुरुषाला नको होतं, म्हणून माझ्यासारख्या नर्सच्या गळ्यात पडलं. पोट चिरणारा तो डॉक्टर. उशाशी उभं राहून रोग्याच्या नाकातोंडावरच्या जाळीवर क्लोरोफॉर्मचे थेंब टाकणारा कोण? कुणीच नाही. आमचे मोठे डॉक्टर विलायतेहून शिकून आलेले. त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं, "बाई, यात अवघड काही नाही. बाटली तिरपी करता आली म्हणजे झालं." बाटली तिरपी! त्यांना स्वतःला चार थेंब एका लयीत टाकता येत नव्हते.

मला शिकवलं ते एका डॉक्टरीणबाईंनी. दोन वर्षं बायकांच्या वॉर्डात बाळंतपणं बघायच्या, मग दवाखान्याच्या कमिटीशी पटेना म्हणून निघून गेल्या. त्या म्हणायच्या, नाडी सगळ्यांत शेवटी थांबते, श्वास आधी थांबतो. कान श्वासाकडे ठेव. आणि भूल द्यायच्या आधी तोंड बघ, स्वतःच्या बोटाने बघ.

हे तोंडाचं प्रकरण पुरुष डॉक्टरांना कधी कळलंच नाही. आमच्याकडे यायच्या त्या निम्म्या बायका गिरणीतल्या. दिवसभर उभं राहून सुताच्या कांड्या भरायच्या, तर भूक मारायला चुना लावलेली तंबाखूची गोळी गालात धरायच्या. सवयच ती, झोपतानासुद्धा सुटत नसे. डॉक्टरने विचारलं, तोंडात काही आहे का? की मान हलायची, नाही. पुरुषासमोर तंबाखू कबूल कोण करील? भूल चढली की गाल सैल पडतो, गोळी घशाशी उतरते आणि बाई गुदमरते. म्हणून मी आधी सगळ्या पुरुषांना बाहेर काढायची, हनुवटीखाली वाटी धरायची आणि म्हणायची, "टाक गं बाई, माझी आईपण खायची." मग बोटाला फडकं गुंडाळून दोन्ही गाल पुसून घ्यायची. डॉक्टरसाहेब नाक मुरडायचे. परक्या जातीच्या बाईच्या उष्ट्या तोंडात बोट! तिच्या पोटातली आतडी हातात घ्यायला त्यांना विटाळ नव्हता, थुंकीचा मात्र होता. काय ते सोवळं!

त्यांचा एक भाचा होता. नुकताच पास होऊन आलेला, भांग पाडलेला, खिशाला दोन पेनं. मामाच्या मागे नुसता मिरवायचा. एक दिवस कमिटीची मंडळी दवाखाना बघायला येणार म्हणून डॉक्टरसाहेबांनी ठरवलं, आज भूल भाचा देईल. मला म्हणाले, "तुम्ही आज बाजूला उभ्या राहा. टॉवेल वगैरे द्या." दोनशेच्या वर भुली दिल्या होत्या मी, आणि आता टॉवेल!

रोगी होती करकंबची एक बाई, गिरणीत कामाला आलेली. पोटात गाठ. नवरा व्हरांड्यात उकिडवा बसलेला, दोन पोरी घरी. मंडळी चपला काढून, उपरणी सावरून ओळीने उभी राहिली, जणू सत्यनारायणाला आली होती. भाच्याने बाईला विचारलं, "तोंडात काही नाही ना?" मान हलली. झालं, शास्त्र संपलं. त्याने एका हाताने तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्याने बाटली उचलली.

तिचा डावा गाल किंचित फुगलेला होता. मला दिसला.

मी बोलले नाही. खरं तेच सांगते, आता कुणाची भीती आहे? मला वाटलं, ठसका लागेल, उलटी होईल, या शहाण्याच्या कोटावर पडेल आणि चारचौघांत याची जिरेल. तेवढंच मला हवं होतं. मी टॉवेल घेऊन उभी राहिले.

ठसका लागलाच नाही. भूल चढली, डॉक्टरसाहेबांनी सुरी चालवली, आणि थोड्या वेळाने मला श्वास ऐकू येईना. छाती वर-खाली होत होती, पण हवा आत जात नव्हती. भाचा तोंड वर करून म्हणतो, "मामा, नाडी उत्तम आहे." मिसरीने काळे पडलेले तिचे ओठ, त्यांत निळं काय दिसणार होतं त्याला? मी कानाची पाळी पाहिली. जांभळी झाली होती.

मग मात्र मी त्याला ढकललं, चांगलं कोपराने. जाळी फेकली, तिचं डोकं कुशीला वळवलं आणि घशात बोट घातलं. गोळी निसटत होती. दुसऱ्यांदा सापडली. जबडा पुढे ओढला, जीभ चिमट्याने बाहेर काढली, तरी श्वास येईना. तिचे हात डोक्यावर नेऊन परत छातीवर दाबत राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. माझ्या मनात एकच, हिच्या पोरी. देवा, एवढी वेळ निभावू दे. शेवटी तिने घरघरत एक श्वास ओढला. मी तिथेच टेबलाला टेकले.

गाठ निघाली, बाई वाचली. डॉक्टरसाहेब हात धुता धुता मंडळींना म्हणाले, "हृदय जरा कमजोर होतं. आमच्या भाच्याने वेळीच ओळखलं." मंडळींनी माना डोलावल्या. एक जण तर मला म्हणाला, "बाई, घाबरू नये अशा वेळी." माझ्या बोटाला अजून तंबाखू लागलेली होती.

त्या सगळ्यांना मी आजवर मनसोक्त शिव्या घातल्या आहेत आणि एकही मागे घेणार नाही. पण आठव्या दिवशी त्या बाईचे टाके बघायला गेले, तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. घसा अजून बसलेलाच. म्हणाली, "बाई, तुमी समद्यांच्या तोंडात बोट घालून बघता म्हनं. बायकांनी सांगितलं व्हतं मला. एवड्या बाप्यांम्होरं कशी थुकू म्या? म्हनलं, बाई येतील, वाटी धरतील. लई वाट बगितली."

मी म्हणाले, "त्या दिवशी मला बाजूला उभं केलं होतं गं."

"व्हय," ती म्हणाली. "पर तुमी माज्या गालाकडंच बगत व्हता की."